प्रियजनाची स्मृती आणि वाटसरूचे रक्षण

घरातील तरुण मुलगा सकाळी कामासाठी बाहेर पडतो आणि संध्याकाळी परत येत नाही. महामार्गाच्या एका वळणावर मागून आलेल्या भरधाव वाहनाने त्याला धडक दिलेली असते. पंचनामा होतो, अंत्यसंस्कार होतात, दिवसकार्य उरकते, आणि तेराव्या दिवशी घरात जमलेली मंडळी एकमेकांस विचारू लागतात की, आता त्याच्या नावाने काय करावे? कोणी सुचवितो, देवळाच्या आवारात त्याच्या नावाचे बाक बसवावे. कोणी म्हणतो, दरवर्षी पुण्यतिथीस अन्नदान करावे. आई बराच वेळ गप्प असते. शेवटी ती एवढेच विचारते, "त्या वळणावर आणखी कोणाचे पोर जाऊ नये, असे काही करता येईल का?"

असा प्रसंग आज या देशातील असंख्य घरांवर येतो. 2022 या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर 4,61,312 अपघात झाले आणि त्यांत 1,68,491 माणसे मृत्यू पावली, अशी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची नोंद आहे. म्हणजे दर दिवशी सुमारे 460 घरांत कोणी तरी परत येणार होते आणि आले नाही. त्यांतील बहुसंख्य माणसे अठरा ते पंचेचाळीस या वयातील, म्हणजे ज्यांच्या कमाईवर आणि आधारावर घर उभे असते अशी होती.

आईचा प्रश्न साधा आहे. परंतु त्याच्या पोटात धर्मविचाराचा एक सूक्ष्म प्रश्न दडलेला आहे. मृताच्या नावाने दिलेले दान नेमके कोणाला पोहोचते? ज्याला ते पोहोचते, त्याचा आणि मृताचा संबंध काय? आणि आपल्या दुःखासाठी चार लोकांपुढे हात पसरणे हे कितपत योग्य? या प्रश्नांचा शांतपणे विचार केल्यावाचून स्मारकाचा संकल्प केला, तर तो पुष्कळदा नावाच्या पाटीपाशीच थांबतो.

मृत प्रियजनाच्या नावाने सत्कृत्य करण्याची चाल या देशात फार जुनी आहे. आणि विशेष हे की, अशा सत्कृत्यांत वाटसरूची सोय करण्याला पूर्वीपासून मोठे स्थान आहे. कोणी आईच्या नावाने पाणपोई घाली, कोणी वडिलांच्या नावाने वाटेवर विहीर खोदवी, कोणी घाट बांधी, कोणी धर्मशाळा उभारी. वाटसरूची सेवा हे राजाचेही कर्तव्य मानले जाई. सम्राट अशोकाने रस्त्याच्या कडेने सावलीसाठी वड लावविले, आमराया लावविल्या आणि विहिरी खोदविल्या, हे त्याच्या सातव्या स्तंभलेखात नमूद आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी 1754 साली पती, 1766 साली सासरे आणि 1767 साली पुत्र गमावला. त्याच अहिल्याबाईंनी पुढे आपल्या राज्याच्या सीमेबाहेरही ठिकठिकाणी घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधविल्या. त्या सर्व कार्याचे मूळ केवळ शोकात होते, असे म्हणता येणार नाही. परंतु ज्या अंतःकरणाने इतके आघात सोसले, ते आकुंचित न होता अनोळखी यात्रेकरूपर्यंत विस्तारले, एवढे मात्र खरे.

त्या काळच्या वाटसरूस भय होते ते तहानेचे, उन्हाचे आणि चोरांचे. म्हणून विहीर, सावली आणि निवारा ही त्याच्यासाठी योग्य दाने होती. आजच्या वाटसरूस मुख्य भय आहे ते वेगाचे, अंधाराचे, खड्ड्यांचे आणि वेळेवर मदत न मिळण्याचे. तेव्हा अवघड वळणावरील कठडा, शाळेपुढील गतिरोधक, गावाजवळील रस्त्यावरचा दिवा, गरीब दुचाकीस्वाराच्या डोक्यावरील हेल्मेट आणि जखमीस तत्काळ उचलणारे हात, ही पूर्वीच्या पाणपोईचीच आजची रूपे होत. त्या आईला जे सुचले ते परके किंवा नवे नाही. परंपरेतील एक जुने पुण्यकर्म तिला आजच्या काळात पुन्हा सापडले, एवढेच.

येथे पहिली शंका उपस्थित होते. जन्म आणि मृत्यू जर विधिलिखित असतील, तर रस्त्यावर कठडा बांधून मृत्यू कसा टळणार? ज्याची घटका भरली तो जाणारच. मग हा खटाटोप कशासाठी?

ही शंका वरवर श्रद्धेची वाटते. परंतु थोडा विचार केला असता तिच्यातील दोष ध्यानात येतो. घराच्या अंगणातील विहिरीला कठडा नसल्यामुळे एक मूल आत पडले, आणि 'दैवाची इच्छा' असे म्हणून बापाने दुसऱ्या मुलासाठीही ती विहीर तशीच उघडी ठेवली, तर त्या बापाला कोणी श्रद्धाळू म्हणणार नाही. दैव हा शब्द जे घडून गेले त्यापुढे मस्तक नमविण्यासाठी आहे. जे अजून घडायचे आहे त्यापुढे हात बांधून बसण्यासाठी नाही. अपघात हा नावाप्रमाणे आकस्मिक वाटतो. परंतु लाखो अपघात एकत्र पाहिले म्हणजे त्यांमागील नियम दिसू लागतात. वाहनाचा वेग दुप्पट झाला की त्याच्या आघातातील शक्ती चौपट होते. 2022 साली रस्त्यांवर जे मृत्यू घडले त्यांतील सुमारे 71 टक्के अतिवेगाच्या सदरात नोंदविले गेले. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा की, हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे 69 टक्क्यांनी कमी होतो. जे नियमाने घडते, ते नियम जाणून पुष्कळ अंशी टाळताही येते. आणि टाळता येण्यासारखे असूनही जे टाळले नाही, त्याची जबाबदारी दैवावर टाकणे हा दैवाचाच अपमान होय.

तथापि दैवाच्या विचाराचा एक योग्य उपयोग आहे, तोही येथे सांगितला पाहिजे. मुलगा गेल्यावर आई रात्रंदिवस स्वतःला दोष देत बसते: त्या दिवशी मी त्याला थांबविले असते तर, पाच मिनिटे उशिरा जाऊ दिले असते तर! या विचाराला अंत नाही आणि त्याने कोणाचे हितही होत नाही. तेथे दैवाचा विचार औषधासारखा आहे. तो त्या माउलीच्या मनावरील ओझे उतरवितो. परंतु तोच विचार रस्ता बांधणारा, वाहन चालविणारा किंवा त्यावर देखरेख करणारा आपल्या बचावासाठी पुढे करू लागला, म्हणजे त्या औषधाचे विष होते. शोकाकुलाने दैव स्मरावे आणि जबाबदाराने कर्तव्य स्मरावे, हा विवेक सुटता कामा नये.

आता दानाच्या स्वरूपाकडे वळू जाता, गीतेच्या सतराव्या अध्यायातील त्रिविध दानाचा विचार येथे फार उपयोगी पडतो. तेथे श्रेष्ठ दानाची लक्षणे अशी सांगितली आहेत की, ते कर्तव्य म्हणून दिलेले असावे, ज्याच्याकडून परतफेडीचा संभव नाही अशास दिलेले असावे, आणि देश, काल व पात्र पाहून दिलेले असावे. रस्त्यावरील सुरक्षेसाठी दिलेल्या दानास ही लक्षणे लावून पाहिली, म्हणजे स्मारकाचा पैसा कोठे खर्च व्हावा याचेही उत्तर आपोआप मिळते.

प्रथम देशाचा विचार. सर्व रस्ता सारखाच धोक्याचा नसतो. काही थोड्या जागी अपघात पुन्हा पुन्हा घडतात. राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे 500 मीटरच्या टप्प्यात लागोपाठ तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, अथवा दहा माणसे दगावली, तर सरकारी नियमाप्रमाणे ती जागा अपघातप्रवण ठरते. स्मारकाचा निधी अशा जागेकडे वळला, तर थोड्या द्रव्यात मोठे हित साधते. मुंबईतील दादाराव बिल्होरे यांचा सोळा वर्षांचा मुलगा 2015 च्या जुलै महिन्यात, पावसाच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यात दुचाकी आदळून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर मृत्यू पावला. भाजी विकून प्रपंच चालविणाऱ्या या पित्याने त्यानंतर शहरातील खड्डे स्वतःच्या हातांनी बुजविण्यास आरंभ केला आणि असे शेकडो खड्डे बुजविले. त्यांच्यापाशी मोठा निधी नव्हता; इमारतींच्या बांधकामातून उरलेली खडी आणि स्वतःचे श्रम हेच त्यांचे दान होते. परंतु देशाचा, म्हणजे योग्य जागेचा विवेक त्यांत पूर्णपणे होता. ज्या प्रकारच्या खड्ड्याने मुलगा नेला, त्याच प्रकारच्या खड्ड्यावर पित्याचे हात गेले.

दुसरा विचार काळाचा. गंभीर जखमीच्या दृष्टीने अपघातानंतरचा पहिला तास बहुमोल असतो. त्या तासात रक्तस्राव थांबला आणि उपचार सुरू झाले, तर अनेक प्राण वाचू शकतात. परंतु पोलिसांचा ससेमिरा आणि न्यायालयातील खेपा यांच्या भीतीने बघ्यांची गर्दी जमते आणि हात कोणीच लावीत नाही. 2007 साली दिल्लीत एका शाळकरी मुलाला वाहनाने उडविले. रस्त्याने जाणारे थांबले नाहीत आणि तो रस्त्याच्या कडेलाच गेला. त्याचे आप्त पीयूष तिवारी यांनी 2008 साली 'सेव्हलाइफ फाउंडेशन' ही संस्था स्थापन केली. या संस्थेच्या याचिकेवरून सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 रोजी, जखमीस मदत करणाऱ्या वाटसरूच्या संरक्षणाचे नियम देशभर बंधनकारक केले. आणि 2019 साली मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने त्या संरक्षणास कायद्यात स्थान मिळाले. आज सद्हेतूने जखमीस रुग्णालयात पोहोचविणाऱ्यास आपले नाव-गाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. एका मुलाला जो तास मिळाला नाही, तो पुढे येणाऱ्या हजारो जखमींना मिळावा, असे या कार्याचे स्वरूप आहे. हे काळाचे दान होय.

तिसरा विचार पात्राचा. 2022 साली मृत्यू पावलेल्यांत सुमारे 44.5 टक्के दुचाकीवरील माणसे होती आणि सुमारे 19.5 टक्के पायी चालणारी होती. ज्यांच्याभोवती लोखंडाचे कवच नाही, तेच अधिक संख्येने मरतात, हा याचा अर्थ. म्हणून स्मारकाच्या पैशाने गाडीवाल्यांसाठी शोभिवंत कमान उभारण्यापेक्षा, पायी शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी सुरक्षित वाट आणि मजुराच्या डोक्यासाठी हेल्मेट, हे अधिक पात्र दान होय. बिहारमधील राघवेंद्र कुमार यांचा मित्र 2014 साली हेल्मेटवाचून दुचाकी चालविताना अपघातात गेला. त्यानंतर राघवेंद्र कुमार यांनी वाटसरूंना हेल्मेट वाटण्याचे व्रत घेतले. हेल्मेटच्या मोबदल्यात ते जुनी पुस्तके घेत आणि ती गरजू विद्यार्थ्यांस देत. एका स्मृतीतून डोक्याचे रक्षण आणि डोक्याचे पोषण अशी दोन्ही कामे त्यांनी साधली.

याप्रमाणे देश, काल आणि पात्र यांचा विवेक ठेवला, तरी दुसरी शंका उरतेच. रस्ते सुस्थितीत ठेवणे हे शासनाचे कर्तव्य आहे; त्यासाठी नागरिक कर भरतात. मुंबई उच्च न्यायालयानेही 2015 साली, सुस्थितीतील रस्ता मिळणे हा नागरिकाच्या मूलभूत हक्काचा भाग मानला आहे. मग मुलगा गमावलेल्या पित्यानेच खड्डा बुजवावा, हा न्याय की अन्याय? त्याच्या दानाने ज्यांनी कर्तव्यात कसूर केली त्यांनाच मोकळीक मिळत नाही काय?

ही शंका उपेक्षा करण्यासारखी नाही. दुसऱ्याचे कर्तव्य आपण नित्य करीत राहिल्याने तो आळशी होतो, हा घरातलाही अनुभव आहे. परंतु येथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. आग लागली असता शेजाऱ्याने घागरीने पाणी ओतले, म्हणून अग्निशामक दलाचे कर्तव्य संपत नाही. आणि बंब यायचा आहे म्हणून शेजारी घागर खाली ठेवून उभा राहिला, तर तोही निर्दोष ठरत नाही. आज रात्री त्या खड्ड्यावरून जाणारा वाटसरू निविदा निघेपर्यंत थांबणार नाही. म्हणून खड्डा आजच बुजविला पाहिजे. आणि उद्या पुन्हा खड्डा पडू नये म्हणून जबाबदार व्यक्तीस जाबही विचारला पाहिजे. पहिले काम दयेचे आहे, दुसरे न्यायाचे. दयेने न्यायाची जागा घेऊ नये आणि न्यायाची वाट पाहत दयेने थांबू नये. स्मारकनिधीचा काही भाग माहिती मागविण्यासाठी, अपघातांच्या नोंदी एकत्र करण्यासाठी आणि अधिकाऱ्यांकडे चिकाटीने पाठपुरावा करण्यासाठी राखून ठेवला, तर तोही दानाचाच भाग समजावा. तशा खर्चास नावाची पाटी लागत नाही, म्हणून तो कमी पुण्याचा ठरत नाही.

तिसरी शंका याचनेविषयीची आहे. ज्या घराने कधी कोणापुढे हात पसरला नाही, त्या घरातील आईने आता पावतीपुस्तक घेऊन दारोदार जावे काय? लोक दयेने देतील, कोणी संकोचाने देतील, कोणी पाठीमागे नाना प्रकारे बोलतील. शिवाय मृत मुलाच्या नावाने पैसा गोळा करणे तिच्याच मनास बोचेल.

या बाबतीत महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर गाडगे महाराजांचे उदाहरण आहे. त्यांनी लोकांकडून द्रव्य गोळा करून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधविल्या. आणि त्यांची स्वतःची मिळकत म्हणजे अंगावरील चिंध्या, हातातील खराटा आणि फुटके गाडगे एवढीच राहिली. कीर्तन चालू असताना पुत्रनिधनाची वार्ता कानी आली, तरी त्यांनी कीर्तन थांबविले नाही, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. त्यांच्या मागण्यात संकोच नव्हता, कारण त्यात 'मला' हा शब्द नव्हता. याचना हीन ठरते ती मागण्यामुळे नव्हे, तर मागितलेले आपल्याकडे ठेवण्याच्या इच्छेमुळे. दुसऱ्यासाठी मागणारा हा देणारा आणि घेणारा यांच्यामधील पूल असतो. पुलाने पाणी अडवून ठेवावयाचे नसते.

म्हणूनच अशा निधीचा हिशेब हा व्यवहाराचा गौण भाग नसून धर्माचा मुख्य भाग होय. शोकाविषयी लोकांना सहज आदर वाटतो. पुत्रशोकाने व्याकूळ झालेल्या आईला हिशेब विचारण्यास कोणी धजत नाही. नेमक्या याच कारणाने तिने तो न विचारता द्यावा. निधी नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात असावा, प्रत्येक देणगीची पावती असावी, लेखापरीक्षण वेळेवर व्हावे, आणि अमुक रकमेतून अमुक जागी अमुक काम झाले, हे देणगीदारांस कळविले जावे. त्यांत एक रुपयाचीही संदिग्धता राहिली, तर तिचा डाग मृताच्या नावास लागतो. तसेच, देण्याची सक्ती कोणावर होऊ नये. दहा रुपये देणारा आणि दहा हजार देणारा यांची नावे निरनिराळ्या आकाराच्या अक्षरांत लिहिली जाऊ नयेत. दान देताना ज्याला क्लेश झाला त्याचे दान घेऊन उभा केलेला कठडा मजबूत असेल. पण त्या दानाचे पावित्र्य तेवढे उणे झाले.

चौथी शंका सर्वांत नाजूक आहे. असे कार्य अंगावर घेणे म्हणजे शोकाला सदैव जागता ठेवणे नव्हे काय? ज्याचा वियोग झाला त्याला मनाने निरोप द्यावा, असे सर्व संत सांगतात. मग दरवर्षी त्याचे छायाचित्र घेऊन सभेत उभे राहणे हा मोहच नव्हे काय?

मोह होऊ शकतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. स्मारकाचे काम वाढते तसतसे, कामाहून नाव मोठे व्हावे असे वाटू लागते. दुसऱ्याने तेच काम अधिक चांगले केले तर मनात असूया उपजते. आपल्या मुलाच्या मृत्यूचे दुःख इतरांच्या दुःखाहून श्रेष्ठ आहे असे वाटू लागणे, ही या मोहाची खूण होय. परंतु शोकाला दाबून टाकणे हा मोहावरील उपाय नव्हे. शोकाचे क्षेत्र विस्तारणे हा उपाय आहे. इंग्लंडमध्ये 1990 साली एका मातेचा पुत्र रस्त्यावर मारला गेला. त्या मातेने, ब्रिजिट चौधरी यांनी, 1992 साली 'रोडपीस' ही संस्था स्थापिली. आणि पुढील वर्षापासून रस्त्यावरील अपघातांत बळी पडलेल्या सर्वांच्या स्मरणाचा एक दिवस पाळण्यास या संस्थेने आरंभ केला. 2005 साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने तो दिवस जगासाठी स्वीकारला; आता नोव्हेंबर महिन्याचा तिसरा रविवार अनेक देशांत त्यासाठी पाळला जातो. त्या दिवसास त्या पुत्राचे नाव नाही. एका मुलाच्या स्मृतीला सर्वांच्या मृतांसाठी जागा करून देता आली, हेच त्या प्रेमाच्या शुद्धीचे प्रमाण आहे. नाव लहान होत जाते आणि काम मोठे होत जाते, तेव्हा मोह सुटू लागला असे समजावे.

आता मूळ प्रश्न पुन्हा हाती घ्यावा. हे दान पोहोचते कोणाला? अन्नदानात जेवणारा समोर दिसतो. त्याच्या तृप्तीने दात्यास समाधान मिळते. विहिरीवर पाणी पिणारा वाटसरू हात उंचावून दुवा देतो. परंतु वळणावरील कठड्यामुळे जो वाचला, त्याला आपण वाचलो हे कळतच नाही. तो रात्री त्या वळणावरून जातो, पुढील गावी पोहोचतो, जेवतो आणि झोपी जातो. जो अपघात घडलाच नाही त्याची बातमी छापली जात नाही. म्हणून या दानाला आभार नाहीत, साक्षीदार नाहीत, आणि ज्याला दान दिले त्याचे नावही ठाऊक नाही. परतफेडीचा संभव नसलेला याचक म्हणून शास्त्राने ज्याचे वर्णन केले, तो याहून अधिक पूर्णपणे कोठे सापडेल? फलाची आसक्ती सोडून कर्म करावे हा उपदेश सर्वांच्या तोंडी आहे. येथे फल घडूनही ते दृष्टीस पडत नसल्यामुळे, कर्त्याला तो उपदेश आचरावाच लागतो.

आणखी एका माणसाला हे दान पोहोचते. त्याचा विचार करणे शोकाकुल घराला सर्वांत कठीण असते. तो माणूस म्हणजे वाहन चालविणारा. ज्याच्या हातून मुलगा गेला त्याच्याविषयी मनात संताप असणे स्वाभाविक आहे, आणि कायद्याने त्यास शासन व्हावे ही अपेक्षा न्याय्य आहे. क्षमा म्हणजे न्यायाचा त्याग नव्हे. परंतु ज्या वळणावर आता कठडा आहे, दिवा आहे, वेग आपोआप आवरला जातो, तेथे उद्या एक वाटसरू मरण्यापासून वाचेल आणि त्याच क्षणी एक चालक मारण्यापासून वाचेल. थकलेला, झोप अनावर झालेला किंवा उतावीळ असा कोणी ट्रकचालक आयुष्यभर एका मृत्यूचे ओझे वाहण्यापासून सुटेल. त्याच्याही घरी मुले असतील. ती आपल्या बापाला तुरुंगात पाहण्यापासून वाचतील. मृत मुलाच्या नावाने दिलेले दान अशा रीतीने, ज्याने त्याला मारले त्याच्यासारख्या दुसऱ्या एखाद्या माणसाचेही रक्षण करते. शोकाकुल अंतःकरणाने हे जाणून, आणि जाणूनही, निधीत पहिला रुपया टाकला, तर तेथे द्वेषाचा धागा तुटला. सूडाची इच्छा एका माणसाचा शोध घेत राहते. हे दान सर्वांसाठी मोकळे असते.

एवढे झाल्यावर त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. बाक बसविणे वाईट नाही आणि अन्नदान तर थोरच आहे. परंतु मुलाचे प्राण ज्या कारणाने गेले, ते कारण दूर करण्यासाठी त्याच्या नावाने उचललेला हात हे त्याच्या मृत्यूला दिलेले सर्वांत समर्पक उत्तर होय. मृत्यूने एका घरातून एक माणूस नेला. ते घर आता अनेक घरांतील माणसे मृत्यूकडून मागून घेत आहे. मृताला पुण्य पोहोचते की नाही, याची चर्चा विद्वान करोत. ज्याच्यावर प्रेम होते त्याचे नाव एखाद्या अनोळखी माणसाच्या जिवंत राहण्याशी जोडले गेले, एवढे मात्र निश्चित घडते.

काही वर्षांनी त्या वळणावरील पाटीचा रंग उडेल, अक्षरे पुसट होतील. रात्री घाईने जाणारा वाटसरू ती वाचणार नाही. कठड्याजवळ येताच दिव्याच्या उजेडात वळण त्याच्या लक्षात येईल, तो वेग कमी करील आणि निर्विघ्न पुढे जाईल. त्याच्या घरी दाराशी कोणी त्याची वाट पाहत बसलेले असेल; थोडा उशीर झाला म्हणून रागावेलही. तो राग ऐकण्यासाठी तो घरी पोहोचला, यातच त्या मुलाचे श्राद्ध झाले.